पेसमेकर रोपणातील शिराचित्रण

पेसमेकर रोपणातील शिराचित्रण म्हणजे पेसमेकरची तार (लीड) हृदयापर्यंत नेण्यापूर्वी किंवा नेताना, क्ष-किरणांत उठून दिसणारे द्रव्य शिरेत सोडून तिचा मार्ग पडद्यावर पाहण्याची पद्धत होय. वैद्यकात ती व्हेनोग्राफी या नावाने ओळखली जाते. छातीच्या वरच्या भागातील मोठ्या शिरा त्वचेवरून दिसत नाहीत आणि प्रत्येक व्यक्तीत त्यांची ठेवण थोडी वेगळी असते. शिराचित्रणाची गरज त्यातूनच निर्माण होते.

पार्श्वभूमी

शरीरात पूर्णपणे बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन या रुग्णावर वापरला गेला. यंत्र रुने एल्मक्विस्ट यांनी तयार केले होते आणि शस्त्रक्रिया ओके सेनिंग यांनी केली. त्यासाठी छाती उघडून विद्युतअग्रे हृदयाच्या स्नायूवर शिवावी लागली. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सेमूर फर्मन यांनी शिरेतून तार सरकवत उजव्या निलयापर्यंत नेता येते आणि तिच्याद्वारे हृदयाचे ठोके चालवता येतात, हे दाखवले. पुढे हाच मार्ग रूढ झाला. छाती उघडण्याची गरज उरली नाही, पण शीर अचूक सापडणे महत्त्वाचे ठरले.

प्रवेशाची शीर

हाताकडून येणारी मोठी शीर काखेत ॲक्सिलरी शीर म्हणून ओळखली जाते. पहिल्या बरगडीची बाहेरची कड ओलांडल्यावर तिलाच सबक्लेव्हियन शीर म्हणतात. पूर्वी गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या (जत्रुकास्थीच्या) खुणेवरून अंदाजाने सबक्लेव्हियन शिरेत सुई घालण्याची पद्धत सर्रास वापरली जाई. या ठिकाणी फुप्फुसाचे टोक अगदी जवळ असते. सुई थोडी खोल गेल्यास फुप्फुसाला छिद्र पडून छातीच्या पोकळीत हवा शिरते. दुसरा धोका कालांतराने दिसतो: जत्रुकास्थी व पहिली बरगडी यांमधील अरुंद जागेत तार चिमटली जाते, हाताच्या हालचालींबरोबर तिच्यावर ताण येत राहतो आणि वर्षांनंतर तिचे आवरण फाटते किंवा आतील धातू तुटतो. ज्याचे ठोके पूर्णपणे यंत्रावर अवलंबून आहेत, अशा रुग्णाला यामुळे एकाएकी भोवळ येऊ शकते किंवा त्याच्या जिवावर बेतू शकते.

ॲक्सिलरी शीर छातीच्या पिंजऱ्याबाहेर असल्यामुळे हे दोन्ही धोके कमी होतात. मात्र तिला नेमकी खूण नाही. म्हणून पेसमेकर ज्या बाजूला बसवायचा, त्याच बाजूच्या हातातील शिरेत साधारण १० ते २० मिलिलिटर आयोडीनयुक्त द्रव्य देतात आणि पाठोपाठ सलाइन सोडतात. काही सेकंदांत शीर पडद्यावर उमटते. ते चित्र साठवून त्याच्या आधारे सुई पहिल्या बरगडीच्या दिशेने नेली जाते. सुई खोल गेलीच, तर ती फुप्फुसाऐवजी बरगडीच्या हाडावर अडते.

याच चित्रातून अनपेक्षित गोष्टीही कळतात. पूर्वी तार बसवलेल्या रुग्णांत शीर अरुंद किंवा बंद झालेली असू शकते; नवी तार घालण्याआधी हे ठाऊक असणे फार आवश्यक असते. दर हजारांत सुमारे ३ ते ५ व्यक्तींमध्ये गर्भावस्थेतील डावी ऊर्ध्व महाशिरा टिकून राहिलेली असते. तिच्यातून तार गेल्यास उजव्या निलयात पोहोचण्यासाठी अवघड वळण घ्यावे लागते.

हृदयाच्या शिरांचे चित्रण

हृदयाचे दोन्ही निलय एकाच लयीत आकुंचन पावावेत यासाठीच्या उपचारात (सीआरटी) एक तार डाव्या निलयाच्या पृष्ठभागावरील शिरेत ठेवतात. ही वाट उजव्या अलिंदात उघडणाऱ्या कॉरोनरी सायनसमधून जाते. रक्ताचा प्रवाह उलट दिशेने येत असल्याने नुसते सोडलेले द्रव्य वाहून जाते. म्हणून लहान फुगा फुगवून प्रवाह क्षणभर थांबवतात. चित्रे डाव्या व उजव्या तिरप्या कोनांतून घेतात. एका कोनातून शीर निलयाच्या पुढच्या, बाजूच्या की मागच्या भिंतीवर आहे ते कळते, तर दुसऱ्यातून ती पायथ्याकडे आहे की टोकाकडे, ते.

निवड सहसा बाजूच्या किंवा मागील-बाजूच्या फांदीची होते. मॅडिट-सीआरटी या मोठ्या चाचणीच्या २०११ मधील विश्लेषणात निलयाच्या टोकाशी ठेवलेल्या तारांचे परिणाम तुलनेने वाईट आढळले. मात्र चित्रात उत्तम दिसणारी शीर प्रत्यक्षात उपयोगी पडेलच असे नाही. तिच्याजवळून श्वासपटलाची चेता जात असेल, तर प्रत्येक स्पंदनाबरोबर रुग्णाला उचकीसारखे झटके बसतात. योग्य फांदीच नसेल, तर शस्त्रक्रियेने हृदयाच्या बाहेरून तार लावणे किंवा हृदयाच्या विद्युतवाहक तंतूंना थेट उद्दीपित करणे हे पर्याय राहतात.

मर्यादा व पर्याय

आयोडीनयुक्त द्रव्यामुळे मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात अपाय होण्याची शक्यता असते. काहींना त्याची ॲलर्जी असते. फुगा किंवा द्रव्याच्या दाबाने कॉरोनरी सायनसची भिंत फाटू शकते. प्रवेशाच्या शिरेसाठी अल्ट्रासाऊंड हा चांगला पर्याय आहे, कारण त्यात द्रव्य लागत नाही आणि क्ष-किरणांचा संपर्कही टळतो. सेफॅलिक शीर लहान छेद देऊन प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहता येते, परंतु ती कधी कधी तारेच्या मानाने बारीक निघते. तारविरहित पेसमेकर मांडीच्या शिरेतून थेट निलयात नेला जात असल्याने त्यासाठी छातीतील शिरांच्या चित्रणाची आवश्यकता पडत नाही.