गोदाकाठचं नांदेड, पाण्याच्या बाजूनं

देवणीहून उदगीरमार्गे नांदेडला निघालात की तुम्ही गावात दक्षिणेकडून शिरता, म्हणजे गोदावरी ओलांडूनच. एसटी पुलावरून भरधाव निघते आणि नीट बघेपर्यंत नदी मागे पडलेली असते. आज पूल नाही असं धरा. साल 1708, पावसाळा सरत आलाय.

पायाखाली काळ्या मातीचा चिखल आहे. पूर ओसरला तरी पाण्याला ओढ आहे. भोई होडी थेट पलीकडे घालत नाही. काठाकाठानं ती वरच्या अंगाला ओढत नेतो, तुम्हाला बसवतो आणि मग धारेबरोबर तिरपी सोडतो. पलीकडे नंदगिरीच्या किल्ल्याचे बुरूज दिसतात. तीन बाजूंनी गोदेनं वेढलेला हा किल्ला नदीची पहिली चौकी आहे.

तुम्ही उतरता तेव्हा गावात छावणीचा गलबला आहे. बादशहा बहादूरशहा भाऊ कामबक्षावर चालून दक्षिणेत उतरलाय, आणि त्या लष्कराबरोबर आलेले गुरू गोविंदसिंगजी इथंच मुक्काम करून आहेत. काठावर माधोदास बैराग्याचा मठ आहे. गुरूंशी त्याची भेट होते, आणि बैरागी बंदासिंग होऊन पंजाबकडे निघतो. दोन वर्षांत, 1710 मध्ये, त्याची फौज मोगलांचं सरहिंद जिंकते. एवढ्या मोठ्या उलथापालथीची सुरुवात आपल्या मराठवाड्यातल्या नदीकाठी झाली, हे आपल्या पोरांना शाळेत ठासून सांगायला हवं. बंदा घाट आणि नगीना घाट ही नावं तेव्हाचीच आठवण धरून आहेत. ऑक्टोबरात, पठाणाच्या वारानं झालेल्या जखमेनंतर, गुरूंनी इथंच देह ठेवला. त्याआधी त्यांनी ग्रंथसाहिबालाच गुरुपद दिलं होतं.

आता सव्वाशे वर्षं पुढं या. 1832 ते 1837 या काळात लाहोरच्या महाराजा रणजितसिंगांनी गुरूंच्या या जागी हजूर साहिबचा गुरुद्वारा बांधून घेतला. तिथली एक रीत बघायची तर रात्र सरायच्या आत उठा. पाणी आणणारा सेवेकरी, म्हणजे गागरिया सिंग, नदीवर जातो, गागर भरतो आणि गोदेचं ते पाणी गुरुद्वाऱ्यातल्या तख्ताच्या स्नानासाठी आणतो. हे रोज चालतं. मला या काठावरची सगळ्यांत जुनी जिवंत गोष्ट हीच वाटते. दगडी घाटाची डागडुजी होते, बुरूज ढासळतात, गागर मात्र रोज नव्यानं भरावी लागते.

1900 च्या सुमाराचं नांदेड बघायचं तर बैलगाडीनं या, काळ्या-पांढऱ्या देवणी बैलांची जोडी जुंपून, मागे कापसाची बोंदरी. इथं धक्का नाही, गोदी नाही, आणि त्याचं कारण नदीतच आहे. पावसाळ्यात ती कुणाला जुमानत नाही, उन्हाळ्यात ठिकठिकाणी उतारानं पायी ओलांडता येते. अशा पाण्यात मालाची जहाजं चालायची कशी? म्हणून या गावात गोदीचं काम रेल्वेनं केलं. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज आली आणि कापसाला वाट मिळाली. पुढं निजामाच्या राज्यात उस्मानशाही मिल उभी राहिली, गावाला भोंग्याची वेळ लागली. ती गिरणीही बंद पडली.

वरच्या अंगाला विष्णुपुरीला बंधारा झाला, त्याच्या जलाशयाला शंकरसागर म्हणतात. नांदेडची तहान त्याच्यावर भागते. तिथंच दक्षिण काठाला 1994 मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभं राहिलं. 2008 मध्ये गुरुतागद्दीच्या, म्हणजे ग्रंथसाहिबाला गुरुपद दिल्याच्या, त्रिशताब्दीसाठी घाट आणि रस्ते नव्यानं बांधले गेले, आणि आज तुम्ही ज्या फरशीवर चालता ती बरीचशी तेव्हाची.

चालता चालता नाकाला वास लागेल. शहराचं सांडपाणी नाल्यांतून थेट गोदेत येतं. काठ सजवला तरी पाणी तसंच राहिलं, हे मला फार खटकतं. दवाखाना, कॉलेज, कोर्ट, कशासाठीही नांदेडला गेलात तर एक संध्याकाळ घाटावर काढा. आणि तुमचं मत नांदेडात असेल, तर महापालिकेच्या निवडणुकीत दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हे नाले कधी बंद करणार ते विचारा. तारीख घेतल्याशिवाय त्याला सोडू नका.