ज्ञानोदयाची जुनी पाने

मराठी नियतकालिकांचा इतिहास सांगताना ‘दर्पण’ आणि ‘प्रभाकर’ यांना आपण मानाचा पाट देतो, आणि तो योग्यच आहे. परंतु त्याच पंक्तीतल्या एका पत्राला बहुतेक इतिहासप्रेमी दारातूनच रामराम करून पुढे जातात. ते पत्र म्हणजे ‘ज्ञानोदय’. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली अहमदनगरला (आता अहिल्यानगर) ते सुरू केले. मिशनऱ्यांचे पत्र, त्यात धर्मप्रचाराखेरीज दुसरे काय असणार, अशी आपली समजूत. ती अगदीच खोटी नाही. मला या पानांची गोडी लागली ती मात्र दुसऱ्याच एका प्रश्नामुळे. आपली श्रद्धा जो कागदावर उतरवतो, तो ती नेमकी कुणासाठी लिहितो?

आरंभीच्या संपादकांकडे याचे उत्तर सोपे होते. ज्यांची श्रद्धा तशी नाही, त्यांच्यासाठी! त्यामुळे त्या काळचा पुष्कळसा मजकूर वादाचा आहे. मूर्तिपूजेवर टीका, पुराणकथांची उलटतपासणी, मग त्यावर आलेली उत्तरे आणि उत्तरांना प्रत्युत्तरे. बरे, समोरची मंडळीही स्वस्थ बसणारी नव्हती. मोरभट दांडेकरांनी १८४४ मध्ये ‘उपदेशचंद्रिका’ काढली ती याच हल्ल्याला तोंड देण्यासाठी. पुढे १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकाठी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालू लागले, तेव्हा ऐकायला गर्दी लोटे. खंडनमंडनाच्या या झटापटीत मराठी गद्याचे हातपाय बळकट झाले, हे कबूल केलेच पाहिजे. पण आज तो मजकूर वाचू जावे, तर चार पानांतच जांभई येते. जिंकलेला कोण आणि हरलेला कोण, याचे कुणाला सोयरसुतक उरलेले नाही.

आणि मग याच पत्रात १८५५ सालचा एक निबंध भेटतो. फेब्रुवारी आणि मार्च असा दोन अंकांत छापलेला. विषय मांग-महारांचे दुःख. आणि लिहिणारी कोण, तर पुण्याला जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता नावाची मांग समाजातली कोवळ्या वयाची मुलगी. ती वाद जिंकायला बसलेली नाही. ती देवालाच विचारते की, वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता ते आम्हाला कळू दे. पेशवाईत आपल्या माणसांचे काय हाल झाले, बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्परही कसे नसते, हे ती घरातले सांगावे तसे सांगते. मिशनऱ्यांनी तो निबंध छापला यात त्यांचाही हेतू असेल. हिंदू समाजाचे वैगुण्य दाखवणारा मजकूर त्यांना हवाच होता. तरीही दुसऱ्या कुठल्या मराठी पत्राने त्या काळी तिला एवढी जागा दिली असती, असे मला वाटत नाही. मौज अशी की, ज्ञानोदयाच्या पहिल्या पिढीतले जे लिखाण आजही वाचणाऱ्याला हलवते, ते कुणाला ख्रिस्ती करण्यासाठी लिहिलेलेच नव्हते.

बाबा पदमनजींचीही गोष्ट थोडीशी अशीच. बेळगावचा हा माणूस १८५४ मध्ये ख्रिस्ती झाला. पुढे काही काळ ज्ञानोदयाचे संपादनही त्यांच्याकडे होते. त्यांचे धर्मविषयक ग्रंथ ढीगभर. पण लोकांच्या लक्षात राहिले ते १८५७ चे ‘यमुनापर्यटन’, कारण त्यात विधवांचे हाल आहेत. यमुनेला शेवटी ख्रिस्ती करण्याचा मोह मात्र त्यांना आवरला नाही!

१९१२ मध्ये ज्ञानोदयाच्या मराठी विभागाची सूत्रे नारायण वामन टिळकांकडे आली, आणि पत्राचा सूरच पालटला. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली, आणि १८९५ मध्ये मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. ही हकीकत बहुतेकांना ठाऊक असते. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्यांनी नंतर काय लिहिले आणि कसे लिहिले, हे. मराठी ख्रिस्ती मंडळी देवळात विलायती चालींवर भाषांतरित गीते म्हणत. टिळकांनी त्यांच्या तोंडी अभंग दिला. ख्रिस्त आपल्याला तुकोबांच्या वाटेने भेटला, असे ते मानीत. गोव्यात फादर स्टीफन्सने १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचून छापले होते, तेव्हा वाट अगदीच अनोळखी नव्हती. पण स्टीफन्स परक्या मुलखातून येऊन आपली भाषा शिकला होता. टिळकांना मात्र स्वतःच्या घरातून बाहेर पडून, पुन्हा त्याच घराशी बोलायचे होते. ते ख्रिस्ती वाचकासाठी लिहीत, आणि न दुरावलेल्या आईशी बोलावे तसे महाराष्ट्राशी बोलत.

या लिहिण्याची किंमत कुणी मोजली, हे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो पत्नीला मागे ठेवून. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या, तरी स्वयंपाकपाणी आणि सोवळेओवळे निराळे. कुणाच्या युक्तिवादाने त्या बदलल्या नाहीत. जातीची ही उतरंड देवाने नव्हे, माणसाने रचली, असे एकदा त्यांचे त्यांनाच उमगले. १९०० मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला. हे सारे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहिले. ‘संजीवनी’ मासिकात ती लेखमाला आली, आणि १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूप झाली. नवऱ्याच्या तऱ्हेवाईकपणावर त्या खळखळून हसतात, स्वतःच्या सोवळ्यावरही हसतात, आणि वाचक कुठल्याही धर्माचा असो, त्याला पाट मांडून आत बसवतात. मराठीतल्या ख्रिस्ती लेखनापैकी घराघरांत पोहोचलेले पुस्तक कोणते, तर हेच. आणि उपदेश म्हणावा तर त्यात नावालाच.

टिळक १९१९ मध्ये गेले. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य त्यांनी सुरू केले होते. त्याचे थोडेच अध्याय झाले होते. नवऱ्यानेच अक्षरओळख करून दिलेल्या लक्ष्मीबाई ते पुढे नेण्यास बसल्या, आणि त्यांनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. छापलेला ग्रंथ मात्र त्यांनी पाहिला नाही. १९३६ मध्ये त्या वारल्या. दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, तो १९३८ मध्ये प्रसिद्ध केला.