सांजोवेसे आणि ताडी : रुचीच्या इतिहासातील दोन प्रकरणे

एखाद्या पेयाची ओळख होणे म्हणजे ते केवळ चाखणे नव्हे. ते कोणत्या भूमीत, कोणत्या ऋतूत व कोणाच्या हातून सिद्ध झाले हे कळले म्हणजेच त्याचा खरा आस्वाद घेता येतो. इटलीतील सांजोवेसे या तांबड्या द्राक्षाला अशी ओळख लाभली. पालघर, बोईसर व तारापूर या पट्ट्यातील ताडीला ती लाभली नाही. या भेदाचे कारण दोहोंच्या अंगभूत गुणांत शोधण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ते राज्यकर्त्यांच्या कायद्यांत शोधले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

सांजोवेसे हे उशिरा पिकणारे व जागेच्या बाबतीत मोठे हट्टी द्राक्ष होय. त्याच्या मद्याचा रंग फारसा गडद नसतो. आम्लता ठसठशीत, तुरटपणा स्पष्ट, आणि गंध आंबट चेरीकडे झुकणारा. नुसते घेतल्यास ते कठोर वाटते. मांसाच्या वा स्निग्ध जेवणाबरोबर मात्र खुलते. अशा द्राक्षाशी परिचय होण्यास काळ लागतो, आणि टस्कनीने तो त्यास दिला. 1716 साली ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने फर्मान काढून कियांतीसह चार मद्यप्रदेशांच्या सीमा आखून दिल्या. पुढे 1872 मध्ये, इटलीचे पंतप्रधानपद भूषविलेले जमीनदार बॅरन बेत्तिनो रिकासोली यांनी पिसा विद्यापीठातील एका प्राध्यापकास पत्र लिहून आपल्या प्रयोगांचा निष्कर्ष कळविला : मद्यास सुगंध व जोम सांजोवेसेमुळे येतो, आणि कनायोलो नावाचे द्राक्ष त्याचा कठोरपणा सौम्य करते. राजाज्ञेने स्थळाला नाव दिले आणि विद्येने गुणांना शब्द दिले.

याच दशकात, 1878 साली, मुंबई इलाख्यात अबकारी कायदा झाला. तारापूर, माहीम, केळवे हा किनारा ताड, माड व शिंदी यांचा. झाडावर चढून पोय छेदणे, मडके बांधणे, सकाळ-संध्याकाळ रस उतरविणे, ही भंडारी समाजाची परंपरागत विद्या होती. मडक्यास आतून चुना लावला तर रस गोड राहतो, ती नीरा. न लावल्यास काही तासांतच तो आपोआप आंबून ताडी होते. कोणते झाड, कोणता ऋतू, उतरविल्यापासून किती वेळ गेला, यांवर चव बदलते. कियांतीच्या द्राक्षमळेवाल्याची जाण याहून निराळ्या जातीची नव्हती. परंतु येथील कायद्याने परवान्यावाचून झाड छेदण्यास मनाई केली व झाडागणिक कर बसविला. सरकारदरबारी नोंद झाली ती झाडांची व कराची. चवीची झाली नाही. 1892 साली ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांकरिता मोहाच्या फुलांवर नियंत्रण घालणारा स्वतंत्र कायदा आला. आजचा पालघर जिल्हा तेव्हा ठाणे जिल्ह्यातच मोडत होता. तो वेगळा झाला 2014 मध्ये.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. 1922 साली पालघरच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांत देवीची चळवळ उगम पावली आणि उत्तरेस दक्षिण गुजरातेत पसरत गेली. देवीच्या नावाने आदिवासींनी दारू व ताडी सोडली, आणि मद्यविक्रेत्यांवर बहिष्कार घातला. मग ताडीच्या रसिकतेची भाषा करणे हा त्या लोकांचा उपमर्द नव्हे काय? आमच्या मते नव्हे. मक्तेदाराच्या दुकानातील पेय आणि कर्जाचा फास ही एकच वस्तू झाली होती, आणि लोकांनी ती झुगारली. जेथे नाकारण्याची मोकळीक नाही तेथे आस्वादही नसतो. तिची उपेक्षा करणारा रुचीचा इतिहास अपुराच ठरेल.

1949 च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली. पुढे ती शिथिल होत गेली. 2001 साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर करून द्राक्षमद्यास उत्पादनशुल्कात सवलत दिली. त्याच दशकात सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात इटालियन भागीदार व टस्कन मद्यतज्ज्ञ पिएरो मासी यांच्या साहाय्याने सांजोवेसेची लागवड झाली. टस्कनीत शरदात होणारी तोडणी येथे हिवाळ्याच्या अखेरीस होते. द्राक्ष तेच, पण ऋतुचक्र दुसरे. म्हणजे कायदा अनुकूल होताच परक्या द्राक्षाला मराठी मुलखात घर मिळाले.

स्थळनामाचे संरक्षण पालघरलाही अपरिचित नाही : डहाणू-घोलवडच्या चिकूस 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ताडी मात्र अद्याप अबकारीचाच विषय आहे. रिकासोली यांच्या पत्रात जे आढळते ते, म्हणजे कोणत्या झाडापासून, कोणत्या ऋतूत, कोणता गुण येतो याचे शब्दांकन, ताडीविषयी आजही करता येण्याजोगे आहे. ती विद्या अद्याप काही वृद्ध ताडकऱ्यांच्या स्मरणात आहे. दप्तरात ती सापडणार नाही. कारण दप्तराने ती कधी विचारलीच नाही. अभ्यासकाने प्रथम त्यांच्याकडे जावयास हवे.