चार महिन्यांचे महापौर

मी वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीचा. आमच्या गावाच्या नावापुढे 'शहीद' लावतात. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. तिरंगा लावायला लोक पोलीस ठाण्यावर गेले आणि गोळीबार झाला. गावकरी पडले, चवताळलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मेले. शाळेत असताना दर वर्षी प्रभातफेरीत 'चले जाव' ओरडून आमचे घसे बसायचे. हे शब्द आले कुठून, असं एकदाही मनात आलं नाही. बी.ए.ला असताना कॉलेजच्या ग्रंथालयात एका फाटक्या पुस्तकात नाव सापडलं: युसुफ मेहेरअली, मुंबईचे महापौर. खरं सांगतो, त्या दिवशी मी थोडा ताठ चाललो.

मुंबई महापालिका म्हटली की सर फिरोजशहा मेहता आठवतात. चार वेळा अध्यक्ष झाले. पालिकेच्या दारात त्यांचा पुतळा आहे. अध्यक्षाला महापौर म्हणायला लागले ते १९३१ पासून. तेव्हा मुदत वर्षाची होती. मेहेरअलींना तेवढीही मिळाली नाही.

जन्म १९०३चा, सधन खोजा घरातला. कायद्याची पदवी घेतली, पण राजकारणापायी सनद नाकारली गेली. १९२८ साली सायमन कमिशनला 'परत जा' सांगणाऱ्या तरुणांचे ते पुढारी होते. १९३४च्या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांतले एक. १९४२च्या एप्रिलमध्ये महापौरपदाची निवडणूक आली, तेव्हा हा माणूस लाहोरच्या तुरुंगात! चाळिशीही गाठली नव्हती. तोवरचे सर्वांत तरुण महापौर ते.

ब्रिटिशांना काय सांगायचं, यासाठी गांधीजींना अनेकांनी शब्द सुचवले. मेहेरअलींचे दोन इंग्रजी शब्द त्यांना पटले, असं सांगतात. हिंदुस्थानीत त्यांचं 'चले जाव' झालं. ८ ऑगस्टला गवालिया टँकवर ठराव झाला. ९च्या पहाटे गांधीजींसोबत शहराचा महापौरही पकडला गेला. त्यानंतर आठवडाभरात ते दोन शब्द आमच्या ठाण्यासमोर पोचले होते.

तुरुंगात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. सेंट जॉर्जमध्ये हलवतो, असं सरकार म्हणालं. माझ्या दोन आजारी सोबत्यांनाही न्या, ही त्यांची अट. ती नाकारली गेली, तेव्हा तेही गेले नाहीत. ती प्रकृती पुन्हा सावरली नाही. २ जुलै १९५० रोजी, ४६व्या वर्षी ते वारले.

आता शब्दांचा विषय निघालाच आहे, तर कवी म्हणून एक सांगतो. 'महापौर' हा शब्द सावरकरांनी घडवला, 'हुतात्मा'ही त्यांचाच. आष्टीने मात्र आपल्या नावापुढे अरबीतला 'शहीद' ठेवला. कुणाला तो परका वाटल्याचं मी ऐकलेलं नाही.

मागे एकदा प्रभातफेरीच्या फलकासाठी पोरांना मी मेहेरअलींचं नाव लिहून दिलं. एकाने विचारलं, "काका, हे आपल्या आष्टीचे होते का?"

म्हटलं, "नाही रे, मुंबईचे."


"मग आपल्या फलकावर कसे?"

मी त्याला ठाण्यापर्यंत चालत नेलं आणि वाटेत सगळं सांगितलं.