मा बार्कर : पडद्यावरची आणि खरी

मैत्रिणींनो, हातातलं काम चालू राहू द्या, कान मात्र इकडे असू द्या. आज आम्ही तुम्हाला अमेरिकेतल्या एका आईची गोष्ट सांगणार आहोत. तिच्या चारही मुलांनी वाईट मार्ग धरला. ती स्वतः सरकारी माणसांच्या गोळीबारात मेली. आणि मेल्यानंतर तिला एका दरोडेखोर टोळीची म्होरकी ठरवण्यात आलं. सिनेमात, टीव्हीवर, गाण्यात ती आजही म्होरकीच आहे. ती खरंच तशी होती का, हे आज आपण तपासून पाहू.

सुरुवात टीव्हीपासूनच करू. १९५९ साली अमेरिकेत ‘द अनटचेबल्स’ नावाची मालिका सुरू झाली. नाव ऐकून आपल्याला अस्पृश्यता आठवेल, पण इथे त्याचा अर्थ वेगळा आहे. लाच देऊन ज्यांना कुणी फोडू शकत नाही, असे सरकारी अधिकारी म्हणजे ‘अनटचेबल्स’. त्यांचा प्रमुख एलियट नेस. हा खराखुरा माणूस होता. शिकागो शहरात अल कपोन या गुंडाच्या बेकायदा दारूच्या कारखान्यांवर त्याने धाडी घातल्या होत्या. नेस १९५७ साली वारला आणि दोन वर्षांत त्याच्यावरची ही मालिका घराघरात पोचली.

या मालिकेचा दुसराच भाग २२ ऑक्टोबर १९५९ रोजी दाखवला गेला. त्याचं नाव होतं ‘मा बार्कर आणि तिची पोरं’. ‘मा’ म्हणजे आई, आपल्या ‘माय’सारखंच. क्लेअर ट्रेव्हर या नावाजलेल्या नटीने आईचं काम केलं. तिच्या पंखाखाली बिघडलेले मुलगे, टोळी चालवणारी आई, शेवटी घराला वेढा, आणि वेढ्याचं नेतृत्व करणारा नेस, अशी ती गोष्ट.

यात एक चूक अगदी सरळ होती. खरी घटना घडली जानेवारी १९३५ मध्ये, फ्लोरिडा राज्यात. नेस त्या वेळी तिथे नव्हताच. तो दूर ओहायो राज्यात बेकायदा दारूभट्ट्यांच्या मागे होता. वेढा घातला होता तो पुढे ‘एफबीआय’ म्हणून ओळखल्या गेलेल्या सरकारी तपास खात्याने. त्यामुळे भाग दाखवल्यावर एफबीआयने हरकत घेतली. आमची कामगिरी तुम्ही दुसऱ्याच्या नावावर कशी लावता, असा त्यांचा सवाल होता.

मैत्रिणींनो, इथे आम्हाला थांबावंसं वाटतं. भांडण झालं ते श्रेयाचं. त्या बाईला जसं दाखवलं ते खरं होतं का, हा त्या भांडणाचा मुद्दाच नव्हता. कसा असेल? ते चित्र मुळात एफबीआयनेच उभं केलं होतं.

आता खऱ्या बाईकडे वळू. तिचं माहेरचं नाव अॅरिझोना डॉनी क्लार्क. ओळखीचे लोक तिला केट म्हणत. मिसुरी राज्यातल्या अॅश ग्रोव्ह गावाजवळ १८७३ च्या सुमाराला तिचा जन्म झाला. १८९२ मध्ये जॉर्ज बार्कर या कष्टकरी माणसाशी तिचं लग्न झालं. हर्मन, लॉइड, आर्थर आणि फ्रेड असे चार मुलगे झाले. घरात गरिबी होती, पोरांच्या शिक्षणाकडे फारसं लक्ष दिलं गेलं नाही, आणि चौघेही कमी वयातच चोऱ्यामाऱ्यांत शिरले. पोरं पकडली गेली की केट पोलिसांशी भांडायची, रडायची, माझा मुलगा असं करणारच नाही म्हणायची, असं सांगतात.

१९२७ मध्ये थोरला हर्मन पोलिसांशी झालेल्या चकमकीनंतर स्वतःवर गोळी झाडून मेला. १९२८ मध्ये उरलेले तिघेही तीन वेगवेगळ्या तुरुंगांत होते. याच सुमाराला नवराही संसारातून बाजूला झाला. ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात केट अत्यंत हलाखीत दिवस काढत होती. हा तपशील ध्यानात ठेवा. ती जर सुरुवातीपासून मुलांच्या गुन्ह्यांची सूत्रधार होती, तर तिच्या पदरी एवढं दारिद्र्य का होतं?

१९३१ मध्ये धाकटा फ्रेड सुटून आला. तुरुंगात त्याला अॅल्विन कार्पिस नावाचा साथीदार मिळाला होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मिसुरीतल्या वेस्ट प्लेन्स गावी एका शेरीफचा, म्हणजे तिथल्या पोलीस प्रमुखाचा खून झाला. संशय या दोघांवर आला आणि ते पळाले. आईलाही त्यांनी सोबत घेतलं. पुढची तीन वर्षं हे लोक शहरं बदलत, नावं बदलत राहिले. बँका लुटल्या, माणसं मारली. १९३३ मध्ये विल्यम हॅम या मद्य कारखानदाराला पळवून त्यांनी एक लाख डॉलर घेतले. १९३४ मध्ये एडवर्ड ब्रेमर या बँकरला पळवून दोन लाख डॉलर घेतले. त्या काळी ही फार मोठी रक्कम होती.

शेरीफच्या खुनानंतर निघालेलं एक इनामाचं पत्रक आहे. त्यात फ्रेड आणि कार्पिस यांच्यावर प्रत्येकी ५०० डॉलर लावले होते. ‘म्हातारी बार्कर, फ्रेडची आई’ हिच्यावर १००. म्हणजे ज्या स्थानिक लोकांचा शेरीफ मारला गेला होता, त्यांच्या दृष्टीने ती गुन्हेगारांबरोबर असणारी बाई होती. म्होरकी नव्हती. म्होरक्याचं इनाम कुणी पाचपट कमी ठेवत नाही.

८ जानेवारी १९३५ रोजी मुलगा आर्थर शिकागोत पकडला गेला. त्याच्या घरात फ्लोरिडाचा नकाशा मिळाला. त्यावर एका भागाभोवती गोल काढलेला होता. त्यावरून तपास खात्याची माणसं ओक्लावाहा या छोट्या गावी, वीअर तलावाच्या काठी पोचली. तिथे एक दुमजली लाकडी घर खोट्या नावाने भाड्याने घेऊन केट आणि फ्रेड राहत होते. कार्पिस तिथे नव्हता.

१६ जानेवारीच्या पहाटे घराला वेढा पडला. शरण या म्हणून हाक दिली गेली. नंतर गोळ्या सुरू झाल्या आणि काही तास चालल्या. दीड-दोन हजार गोळ्या झाडल्या गेल्याचं सांगतात. गावातले लोक लांब उभे राहून पाहत होते. गोळीबार थांबल्यावर आत कोण जाणार, हा प्रश्न आला. तेव्हा त्या घरी काम करणाऱ्या एका स्थानिक कृष्णवर्णीय माणसाला चिलखती जाकीट घालून आत पाठवण्यात आलं. वरच्या खोलीत आई आणि मुलगा दोघेही मरून पडले होते. केट साठीची होती. दोघांचे मृतदेह ताब्यात घ्यायला कित्येक महिने कुणी आलं नाही. ऑक्टोबर १९३५ मध्ये त्यांना ओक्लाहोमातल्या वेल्च गावी हर्मनच्या शेजारी पुरलं.

इथून पुढे तिची दुसरी गोष्ट सुरू होते. त्यासाठी तो काळ थोडा समजून घेऊ. १९२९ नंतर अमेरिकेत महामंदी आली होती. बँका बुडाल्या, कर्जात शेतं गेली. बँक लुटणाऱ्यांबद्दल काही लोकांना कौतुकही वाटायचं. १९३४ या एका वर्षात सरकारने बॉनी आणि क्लाइड, जॉन डिलिंजर, बेबी फेस नेल्सन अशा नामांकित दरोडेखोरांना टिपलं. पण एप्रिल १९३४ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या एका कारवाईत एक निरपराध माणूस तपास खात्याच्याच गोळीने मेला होता आणि मोठी टीका झाली होती. अशा वेळी साठीतली एक बाई, जिच्यावर कधी खटलाही चालला नव्हता, ती गोळीबारात मेली. लोक विचारणारच, या म्हातारीला का मारलं?

त्या खात्याचे प्रमुख होते जे. एडगर हूव्हर. त्यांनी सांगितलं की ही साधी म्हातारी नव्हती, टोळीचं डोकं हीच होती, मुलांना गुन्हेगार हिनेच घडवलं. वर्तमानपत्रांनी ते उचललं. १९३८ मध्ये हूव्हर यांच्या नावाने आलेल्या पुस्तकातही तेच चित्र रंगवलं गेलं. मग टीव्हीचा भाग आला. १९७० मध्ये ‘ब्लडी मामा’ हा चित्रपट आला. १९७७ मध्ये बोनी एम. या गटाचं ‘मा बेकर’ हे गाणं जगभर गाजलं. आपल्याकडेही त्यांच्या कॅसेटी जोरात वाजल्या. नाचताना कुणाला माहीत होतं, की हे एका खऱ्या बाईच्या नावावर बेतलेलं आहे!

दुसरी बाजू काय म्हणते? कार्पिस १९३६ मध्ये पकडला गेला, तीसहून जास्त वर्षं तुरुंगात राहिला, आणि सुटल्यावर १९७१ मध्ये त्याने आत्मकथन लिहिलं. त्याचं म्हणणं असं की केट साधी, जुन्या वळणाची बाई होती. बेत ठरवायचे असले की तिला सिनेमाला पाठवून द्यायचे. हार्वे बेली नावाचा त्या काळचा नामांकित बँक लुटारूही म्हणाला, की त्या बाईला साधी न्याहारी ठरवता आली नसती, दरोडा काय ठरवणार! आता हे दोघेही गुन्हेगार. त्यांचा शब्दही तोलूनच घ्यायला हवा. पण ज्या अभ्यासकांनी पुढे तपासाची कागदपत्रं चाळली, त्यांनाही ती टोळी चालवत होती असा पुरावा सापडला नाही. उलट आपल्या गोळीबाराचं समर्थन करण्यासाठी हे चित्र उभं केलं गेलं, असं त्यांच्यातले बरेच जण मानतात.

मग ती निर्दोष होती का? नाही. हे आम्ही स्पष्ट सांगतो. पैसा कुठून येतो हे तिला कळत होतं. चांगल्या घरात राहताना, नवे कपडे घालताना ती तो पैसा वापरत होती. खोट्या नावाने मुलांबरोबर राहिली, त्यांना आडोसा झाली. ज्या शेरीफचा खून झाला, त्याच्याही घरी कुणी वाट पाहणारं होतं. केटने एकदाही मुलांचा हात धरून ‘आता पुरे’ म्हटल्याचं कुठे दिसत नाही. हा दोष मोठा आहे. पण पोराचं पाप पाठीशी घालणं वेगळं आणि दरोड्याचा बेत आखणं वेगळं. दोन्हींची शिक्षा एक नसते. आणि कुठल्याही कोर्टाने तिचा दोष ठरवला नव्हता, तिची बाजू कुणी ऐकलीही नव्हती.

आमच्या गटात एखादीवर थकबाकीचा ठपका ठेवायचा झाला, तर आधी तिला बैठकीला बोलावतो. पासबुक उघडतो, हप्ते मोजतो, तिचं म्हणणं ऐकतो आणि मगच इतिवृत्तात लिहितो. ती गाव सोडून गेल्यावर मागच्या तारखेने तिच्या नावावर काहीही लिहिलं, तर त्या नोंदीला कोण मान देईल? केट बार्करच्या नावावरची मोठी नोंद अशी मागाहून झाली. लिहिणारा तोच, ज्याच्या माणसांच्या गोळीने ती मेली. आणि उत्तर द्यायला ती नव्हती.

अजून एक गोष्ट. या मुलांना बापही होता. केट मेली तेव्हा जॉर्ज बार्कर जिवंत होता. मुलं वाईट निघाली तर त्याने काय केलं, काय केलं नाही, हे कुणी विचारलं? त्याच्यावर ना मालिका निघाली, ना गाणं. आपल्याकडे म्हणतात ना, ‘खाण तशी माती’. ही म्हण दर वेळी आईकडेच बोट दाखवते. मुलगा शिकून साहेब झाला की ‘बापाचं नाव काढलं’, आणि दारूच्या नादाला लागला की ‘आईने लाडावून ठेवला’. गावातल्या ओट्यावर हे आपण सगळ्यांनी ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर आपण बायकाच ते जास्त बोलतो.

त्याच खाणीतला लॉइड पाहा. १९३८ मध्ये तो तुरुंगातून सुटला आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात स्वयंपाकी म्हणून त्याने काम केलं. तर आर्थर जानेवारी १९३९ मध्ये अल्काट्राझ या बेटावरच्या तुरुंगातून पळताना मारला गेला. आई एकच, घर एकच, गरिबी एकच, तरी वाटा वेगळ्या झाल्या. म्हणजे माणूस घडायला आणि बिघडायला एकटी आई पुरत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, टीव्हीवर ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी पाटी आली, की चार प्रश्न मनाशी विचारायचे. हे कुणी सांगितलं? कधी सांगितलं? सांगणाऱ्याचा त्यात काय फायदा होता? आणि ज्याच्याबद्दल सांगितलं, त्याला बोलायला मिळालं का? हेच प्रश्न ओट्यावरच्या गप्पांनाही लावून बघा.

आणि आपल्या गटातल्या एखादीचा मुलगा वाकड्या वाटेला लागलेला दिसला, तर तिच्या पाठीमागे कुजबुज करण्यापेक्षा वेळेवर तिच्या घरी जाऊ. तिच्या नवऱ्यालाही समोर बसवू. तिने पोराचं झाकून ठेवलं असेल तर तेही तिला तोंडावर सांगू. केट बार्करला असं सांगणारं कुणी भेटलं असतं तर काय झालं असतं, ते आज कुणी सांगू शकत नाही. पण आपल्या गल्लीतल्या बाईकडे जायला आपल्याला अजून वेळ आहे. पुढच्या मासिक बैठकीत हप्ते भरून झाले, की दहा मिनिटं या विषयावर जरूर बोला. नमस्कार.