संगणक निराळे, मोजपट्टी एक : सॉफ्टवेअर 'बिल्ड'च्या वेळेचा अंदाज

दिंडोशी परिसरात इन्फिनिटी आयटी पार्कसारखी संकुले उभी राहिली आणि सॉफ्टवेअरचा व्यवसाय या उपनगराच्या परिचयाचा झाला. एखादे पॅकेज सोर्स कोडपासून तयार करण्यास, म्हणजेच 'बिल्ड' करण्यास, कार्यालयातील सर्व्हरला काही मिनिटे पुरतात. तेच काम विद्यार्थ्याच्या घरातील जुन्या संगणकावर कित्येक तास चालू शकते. प्रयोगशाळेत दोनच तास मिळणार असतील किंवा सर्व्हर तासाच्या भाड्याने घेतला असेल, तर काम केव्हा संपेल हे आधी कळणे निकडीचे ठरते. अशा वेळी दुसऱ्याच्या संगणकावरील मिनिटे उपयोगी पडत नाहीत. उपयोगी पडते ते दोन पॅकेजांच्या वेळांचे गुणोत्तर.

'एसबीयू' म्हणजे काय?

गेरार्ड बीकमन्स यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' हा प्रकल्प संपूर्ण लिनक्स प्रणाली सोर्स कोडपासून स्वतः कशी उभारावी, हे शिकवतो. वाचकांचे संगणक नाना प्रकारचे असल्याने या प्रकल्पाच्या पुस्तकात वेळ मिनिटांत न देता 'स्टँडर्ड बिल्ड युनिट' अर्थात 'एसबीयू' या एककात दिलेला असतो. 'बिनयुटिल्स' हे पहिले पॅकेज पहिल्या फेरीत तयार करण्यास आपल्या संगणकाला जेवढा वेळ लागेल, तेवढा १ एसबीयू. प्रारंभीच्या काळात हाच मान 'बॅश' या पॅकेजला होता.

समजा, एखादे पॅकेज १२ एसबीयूचे आहे. बिनयुटिल्सला ३ मिनिटे घेणाऱ्या संगणकावर ते सुमारे ३६ मिनिटांत तयार होईल. बिनयुटिल्सलाच १४ मिनिटे लागत असतील, तर १६८ मिनिटे, म्हणजे २ तास ४८ मिनिटे धरावी लागतील. दोन तासांच्या प्रात्यक्षिकात हे काम बसणार नाही, हे आरंभीच स्पष्ट होते.

गिगाहर्ट्झ पाहून का भागत नाही?

यंत्राची जाहीर क्षमता आणि प्रत्यक्ष कामगिरी यांत अंतर असते. टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने पुण्यात उभारलेला 'एका' हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथ्या क्रमांकावर होता. त्याची कमाल क्षमता सुमारे १७०.९ टेराफ्लॉप्स होती. 'लिनपॅक' चाचणीत प्रत्यक्ष नोंद झाली ती ११७.९ टेराफ्लॉप्सची, म्हणजे साधारण ६९ टक्के. शिवाय ही चाचणी दशांशी गणिताची आहे. सॉफ्टवेअर कंपाइल करताना असंख्य लहान फायली वाचणे, मजकुराचे पृथक्करण आणि सतत स्मृतीत ये-जा, असे निराळेच काम असते. त्यामुळे कंपाइलचा वेग कंपाइल करूनच मोजणे श्रेयस्कर.

मोजणी कशी करावी?

लिनक्समधील 'टाइम' ही आज्ञा तीन आकडे देते. 'रिअल' म्हणजे घड्याळातील वेळ. 'युजर' आणि 'सिस' म्हणजे प्रोसेसरने खर्च केलेला वेळ. अनेक कोअर एकाच वेळी राबत असतील, तर युजरचा आकडा रिअलहून मोठा दिसतो. नियोजनासाठी रिअल पाहावा. मोजताना अन्य कामे बंद ठेवावीत, कंपाइलरची आवृत्ती आणि कोअरची संख्या टिपून ठेवावी आणि पॅकेजच्या चाचण्यांचा वेळ वेगळा धरावा.

गुणोत्तर कोठे फसते?

- कोअरची संख्या : जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या विचारानुसार कामाचा १० टक्के भाग क्रमानेच करावा लागत असेल, तर चार कोअरवर वेग जेमतेम ३.१ पट होतो आणि कितीही कोअर जोडले तरी दहापटीपलीकडे जात नाही. 'कन्फिगर'चा टप्पा बहुतांशी एकाच कोअरवर चालतो. लहान पॅकेजांत त्याचाच वाटा मोठा असतो.

- स्मृती : सी प्लस प्लसमधील अवजड पॅकेजांना एकेका प्रक्रियेसाठी एखाद-दोन गिगाबाइट रॅम लागू शकते. ती अपुरी पडली की संगणक डिस्कचा आधार घेतो आणि सारे अंदाज कोलमडतात. तेव्हा समांतर प्रक्रियांची संख्या कमी करणेच हिताचे.

- उष्णता : लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. थोडक्यात आटोपणाऱ्या बिनयुटिल्सवर हा परिणाम दिसेलच असे नाही. तासभराच्या कामात तो जाणवतो.

- साठवलेले निकाल : 'सीकॅश' पूर्वी कंपाइल केलेल्या भागांचे निकाल पुन्हा वापरते. ते चालू ठेवून घेतलेले माप नव्या पॅकेजला लावू नये.

यास्तव एसबीयूने काढलेल्या वेळेत काही वाढ धरूनच काम हाती घ्यावे. कोअरची संख्या, रॅम किंवा कंपाइलर बदलला, तर बिनयुटिल्सचे माप पुन्हा घ्यावे. प्रत्येक पॅकेजचा प्रत्यक्ष वेळ वहीत नोंदवत गेल्यास काही दिवसांत आपल्या संगणकाचे स्वतःचे कोष्टक तयार होते, आणि पुस्तकातील आकड्यांपेक्षा ते अधिक भरवशाचे असते.