चीड कुणाची?

मराठीत ‘चीड’ म्हणजे राग. हिंदीत ‘चीड’ म्हणजे हिमालयातलं एक पाइनचं झाड. कुमाऊँमध्ये हे दोन्ही अर्थ एकत्र भेटतात, हे मला अल्मोड्याजवळच्या एका गावात कळलं.

मे महिना होता. आम्ही दोघी मैत्रिणी पुण्याहून गेलो होतो आणि गावातल्या एका आजींकडे खोली घेऊन राहिलो होतो. अख्खं गाव त्यांना ‘आमा’ म्हणायचं, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. आमांच्या अंगणासमोरचा डोंगर काळा पडला होता. दोनच दिवसांपूर्वी वणवा येऊन गेला होता. हवेत धूर होता आणि त्या धुरात एक ओळखीचा वास. लहानपणी दिवाळीआधी घराची दारं-खिडक्या रंगवायला रंगारी यायचे, तेव्हा त्यांच्या डब्यातून यायचा तो. टर्पेंटाइनचा.

“ये अंग्रेज़ों का पेड़ है, बेटी,” आमा म्हणाल्या. “हमारा तो बांज था.”

मी लगेच विश्वास ठेवला. मी मूळची श्रीवर्धनची. आमच्याकडे किनाऱ्यावरच्या सुरूला कित्येक लोक ‘पाइन’च म्हणतात. खरं तर सुरू पाइन नाही आणि आपल्या किनाऱ्यावरचाही नाही. वाळू आणि वारा अडवायला म्हणून तो बाहेरून आणून लावला गेला. तेव्हा हिमालयातही कुणा साहेबानं असंच काहीतरी लावलं असणार, असं मला वाटलं. परत आल्यावर वाचायला घेतलं, तर गोष्ट निघाली वेगळीच.

चीड इंग्रजांनी आणलेला नाही. तो इथलाच आहे. पाकिस्तानच्या उत्तर भागापासून नेपाळ-भूतानपर्यंत, हिमालयाच्या खालच्या आणि मधल्या उतारांवर, साधारण ५०० ते २००० मीटर उंचीवर तो आपसूक उगवतो. इंग्रजांचं आहे ते त्याचं शास्त्रीय नाव. ‘पायनस रॉक्सबर्घाय’ हे नाव कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात काम केलेल्या विल्यम रॉक्सबर्घवरून पडलं, तेही १८९७ साली. त्याच्या कितीतरी आधी संस्कृतात या झाडाला नाव होतं. ‘सरल’ म्हणजे चीड, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं, आणि हा सरल कालिदासाकडे दोनदा ठळकपणे येतो. ‘कुमारसंभवा’त हत्ती गाल खाजवायला सरलाच्या खोडाला अंग घासतात आणि त्यातून झरणाऱ्या चिकाच्या वासानं शिखरं दरवळतात. ‘मेघदूता’त यक्ष ढगाला सांगतो, की सरलाची खोडं एकमेकांवर घासून वणवा पेटला असेल आणि हिमालयाला त्याचा त्रास होत असेल, तर तू पाऊस पाडून तो विझव.

म्हणजे राळेचा वास आणि वणवा, आमांच्या अंगणात मला भेटलेल्या दोन्ही गोष्टी, कालिदासाला ठाऊक होत्या. इंग्रज यायच्या हजारएक वर्षं आधी.

हे झाड आगीशी जुळवून घेतलेलंच आहे. त्याची साल जाड, भेगाळलेली, तांबूस. जमिनीलगत धावणारी आग ती सोसते आणि मोठं झाड बहुतेक वेळा वाचतं. पानं म्हणजे लांब सुया, तीन-तीनच्या जुडीत, वीतभर किंवा त्याहून लांब. झाड सदाहरित म्हणवतं, पण उन्हाळ्यात जुन्या सुया इतक्या गाळतं की खाली तपकिरी गादी तयार होते. हिला तिथे ‘पिरूल’ म्हणतात. पिरूल घसरडं असतं, लवकर कुजत नाही आणि ठिणगी पडली की भडकतं. आग ओसरल्यावर मोकळ्या झालेल्या मातीत, भरपूर उन्हात, चिडाचं पंख असलेलं बी मजेत रुजतं. सावलीत मात्र त्याचं रोप तग धरत नाही.

बांज म्हणजे हिमालयातला ओक. त्याचा स्वभाव उलटा आहे. त्याला ओलावा लागतो, तो सावकाश वाढतो, त्याचा पाला गुरं खातात. गळलेली पानं गोठ्यात अंथरली की त्यांचं खत होतं. बांजाच्या जंगलात झरे टिकतात, हे डोंगरातली कुठलीही बाई सांगेल. गावासाठी बांज म्हणजे चारा, खत, सरपण आणि पाणी. पण चीडही गावाला परका नव्हता. घराच्या तुळया, दारं, राळेनं भरलेल्या लाकडाच्या मशाली त्यानंच पुरवल्या. गावकरी दरवर्षी चिडाखालचं पिरूल जाळायचे, म्हणजे पावसाळ्यात तिथे गुरांसाठी गवत फुटायचं. दोन्ही झाडं होती आणि दोघांची कामं वाटलेली होती.

ही वाटणी मोडली ती रेल्वे आली तेव्हा. रुळांखालच्या स्लीपरांसाठी आधी साल आणि देवदार तोडले गेले. चिडाचं लाकूड लवकर सडतं म्हणून त्याला फारशी किंमत नव्हती. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन गोष्टी झाल्या. रसायन मुरवून चिडाचे स्लीपर टिकवता येतात हे कळलं. आणि त्याच्या राळेपासून टर्पेंटाइन व रोझिन काढायचा धंदा जम धरू लागला. टर्पेंटाइन रंगात आणि व्हार्निशमध्ये, रोझिन साबणात आणि कागदात. पहिल्या महायुद्धात तर राळेची आणि लाकडाची मागणी आणखी वाढली. कालपर्यंतचं दुय्यम झाड आता सरकारी तिजोरीचं झाड झालं.

१८७८ च्या वनकायद्यानं सरकारला जंगलं राखीव करायचा अधिकार आधीच दिला होता. १९११ ते १९१७ या काळात कुमाऊँ आणि ब्रिटिश गढवालमधली प्रचंड मोठी जंगलं राखीव झाली. गुरं किती चारायची, लाकूड किती न्यायचं, फांद्या कुठे तोडायच्या, सगळ्यावर नियम आले. पिरूल जाळायला बंदी आली, कारण आगीत चिडाची कोवळी रोपं मरतात आणि राळेच्या झाडांचं नुकसान होतं. वनखात्याला हवा तो चीड वाढला. गावाला हवा तो बांज मागे पडला.

आमा ‘अंग्रेज़ों का पेड़’ म्हणाल्या ते या अर्थानं. झाड इंग्रजांचं नव्हतं, पण त्याच्याभोवतीचं कुंपण त्यांचं होतं.

आता १९२१. त्या जानेवारीत, मकरसंक्रांतीच्या जत्रेत, बागेश्वरला शरयू आणि गोमतीच्या संगमावर हजारो लोक जमले. डोंगरात ‘कुली बेगार’ नावाची वेठबिगार चालायची. साहेब दौऱ्यावर आला की गावकऱ्यांनी त्याचं सामान वाहायचं. त्यासाठी गावोगावच्या माणसांच्या नोंदवह्या ठेवलेल्या असत. बद्रीदत्त पांडे यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी यापुढे बेगार करणार नाही अशी शपथ घेतली आणि त्या वह्या शरयूत बुडवल्या.

त्याच उन्हाळ्यात कुमाऊँची जंगलं पेटली. या वेळी वणवा अपघातानं लागला नव्हता. लोकांनी ठिकठिकाणी राखीव जंगलं पेटवली, राळेचे साठे जळाले. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी ‘द अनक्वाएट वुड्स’ या पुस्तकात (१९८९) एक गोष्ट नोंदवली आहे, ती वाचून मी थांबले. आग लागली ती मुख्यतः चिडाच्या जंगलांना. वनखात्याच्याच ताब्यातली रुंद पानांची मोठमोठी जंगलं, म्हणजे बांज आणि त्याचे भाऊबंद, यांना धक्का लागला नाही. संतापलेल्या माणसांनी काय जाळायचं आणि काय नाही, हे नीट ठरवलं होतं.

सरकारला नमतं घ्यावं लागलं. त्याच वर्षी आयुक्त पर्सी विंडहॅम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. व्यापारी किमतीची नसलेली जंगलं वनखात्याकडून काढून घेतली गेली आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम आले. राळेची जंगलं मात्र खात्याकडेच राहिली. हे मात्र विसरलं नाही सरकार.

स्वातंत्र्य आलं तरी राळ काढणं थांबलं नाही. आता ठेकेदार होते. खोडावर खाच पाडायची, खाली पत्र्याची पट्टी ठोकायची, तिला भांडं लावायचं. राळेला तिथे ‘लीसा’ म्हणतात. खाचा जितक्या खोल आणि जितक्या जास्त, तितका लीसा जास्त. झाड पोखरतं आणि मग वादळात कोसळतं, किंवा आगीत त्या राळभरल्या जखमेतूनच पेट घेतं.

१९७७ साली टिहरी गढवालमधल्या हेंवल नदीच्या खोऱ्यात चिपको आंदोलनातले लोक, त्यात बायका पुष्कळ, जंगलात शिरले. या वेळी त्यांनी चिडाला आग लावली नाही. खोडात ठोकलेल्या लोखंडी पट्ट्या उपटून काढल्या आणि जखमांवर माती लिंपून मलमपट्टी केली.

हे खोरं कुमाऊँपासून दूर, जुन्या टिहरी संस्थानातलं. माणसंही वेगळी. पण एकाच डोंगररांगेत, छप्पन्न वर्षांच्या अंतरानं, एकाच जातीचं झाड एकदा जाळलं गेलं आणि एकदा त्याला पट्टी बांधली गेली. दोन्ही वेळा राग झाडावर नव्हता. दोन्ही वेळा प्रश्न हाच होता, की हा उतार कुणासाठी राखायचा.

हे मला आज महत्त्वाचं वाटतं, कारण राग पुन्हा झाडावर निघतोय. २०१६ मध्ये उत्तराखंडातले वणवे विझवायला हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली. जून २०२४ मध्ये अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेल्या वनकर्मचाऱ्यांचा होरपळून मृत्यू झाला. अशा बातमीनंतर ‘चीड हटवा’ ही मागणी येतेच. त्या दुःखापुढे झाडाची बाजू मांडणं सोपं नाही. तरी मांडायला हवी.

उघड्या, कोरड्या, दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर, जिथे माती बोटभर उरली आहे आणि बांजाचं रोप पहिल्याच उन्हाळ्यात करपेल, तिथे चीड उभा राहतो. दरड कोसळून मोकळ्या झालेल्या जागेवर पहिल्यांदा येणाऱ्यांपैकी तो एक. तिथे तो हवाच. पण सावलीचे, ओलसर, उत्तरेकडचे उतार, झऱ्यांच्या वरची बाजू, गावाच्या लगतची जागा ही बांजाची. तिथे चीड दाटीनं आला की त्रास सुरू होतो. आणि तो दाटीनं येतो, कारण माणसं कामासाठी खाली मैदानात गेली आहेत. पायऱ्यापायऱ्यांची शेतं ओसाड पडली आहेत, आणि मोकळी, उन्हातली जमीन चिडाला फार आवडते. पूर्वी गोठ्यासाठी पिरूल उचललं जायचं. आता गोठेच रिकामे. १९८१ पासून १००० मीटरच्या वर व्यापारी तोड बंद झाली, ती जंगल वाचवायला गरजेची होती, पण त्यात नको तिथे आलेला चीडही सुरक्षित झाला. २०१८ मध्ये राज्य सरकारनं पिरूलपासून वीज करायचं धोरण आणलं. पण उभ्या उतारावरून ते हलकं, फुगीर ओझं गोळा करून आणायला माणसं लागतात, आणि गावात नेमकी तीच कमी आहेत.

आमांच्या घरची शेवटची सकाळ आठवते. पहाटे थंडी होती. त्यांनी कोनाड्यातून लालसर लाकडाच्या दोन बारीक ढलप्या काढल्या आणि काडी लावली. रॉकेल नाही, कागद नाही, ढलप्या भुरभुर पेटल्या. स्वयंपाकघरात पुन्हा तोच रंगाच्या डब्याचा वास पसरला.

“आमा, ये क्या है?”

“छिलुक.” त्यांनी लाकडं वर रचली.

“किस पेड़ का?”

आमांनी चहाचं पातेलं चढवलं आणि दाराबाहेरच्या काळ्या डोंगराकडे मान वळवली. “उसी का,” त्या म्हणाल्या.